रंग गेला, पुढे काय?

हळदीचा डाग उन्हात उडतो, हे आपल्या घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडलं आणि घाईघाईने साबण लावला, तर तो डाग आधी लालभडक होतो (साबणातल्या अल्कलीचा प्रताप), आणि मग तोच सदरा दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवला की डाग कुठे होता हेही सापडत नाही. हळदीतलं रंगद्रव्य प्रकाशापुढे टिकत नाही. ऊन त्याचा रेणू मोडतं आणि रंग जातो. आजचा विषय एवढाच आहे, असं म्हटलं तरी चालेल. फक्त डाग सदऱ्यावर नाही, ओढ्यात आहे, आणि हळदीचा नाही.

कापड घेताना आपण हमखास विचारतो, "रंग पक्का आहे ना?" मांडवीतल्या दुकानात माझी आई विचारायची, मीही विचारते. दुकानदार छातीवर हात ठेवून "गॅरंटी" म्हणतो. पण पक्का म्हणजे काय? धुतलं तरी जाऊ नये, घाम लागला तरी उतरू नये, उन्हात वाळत घातलं तरी फिकं पडू नये, साबण, सोडा, इस्त्रीची उष्णता, सगळं सोसावं. म्हणजे ज्या ज्या मार्गाने निसर्ग एखादा रेणू मोडून टाकतो, ते सगळे मार्ग बंद केलेला रेणू आपल्याला हवा असतो. रसायनशास्त्रज्ञांनी तो दिला. आता त्याच रेणूला आपण सांगतोय की कपड्यावर अमर राहा, पण गटारात गेलास की ताबडतोब मर. तो आपलं ऐकत नाही, यात त्याचा काय दोष?

या कृत्रिम रंगांची सुरुवात १८५६ साली झाली. लंडनमधला विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा सुटीत घरच्या प्रयोगशाळेत मलेरियावरचं क्विनाइन बनवायला बसला होता. क्विनाइन काही बनलं नाही. काळा चिकट गाळ मिळाला आणि तो अल्कोहोलमध्ये जांभळा झाला. तिथून पुढे डांबरापासून रंग काढायचा धंदाच सुरू झाला. दोनच वर्षांनी पीटर ग्रीस याने डायाझो अभिक्रिया शोधली आणि ॲझो रंगांचं दार उघडलं. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना दुहेरी बंधाने धरून मध्ये उभे, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बेंझिनसारखी वलयं. पिवळ्यापासून काळ्यापर्यंत हवी ती छटा या एका साच्यातून निघते. आज वापरातल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून जास्त याच घराण्यातले.

वडोदऱ्यातल्या वाचकांना इथे थोडं थांबवते, कारण हा इतिहास आपल्या शहरातूनही गेलेला आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे होती. रंगाई हा तिथला एक महत्त्वाचा विषय. दादासाहेब फाळके तिथे शिकले हे आपण कौतुकाने सांगतो, पण त्याच इमारतीत कापडाला रंग कसा चढवायचा याचं शास्त्रशुद्ध शिक्षण मिळत होतं, हे कुणी सांगत नाही. गज्जर स्वतः मोठे रसायनशास्त्रज्ञ. चापेकरांनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, तेव्हा भल्याभल्यांना न निघालेला तो डाग काढला तो गज्जरांनीच. (डांबर फासणारे आपले आणि पुसणारेही आपलेच, यावर ज्याने त्याने हवं ते मत बनवावं.) रंग चढवायला शिकवणाऱ्या माणसाची कीर्ती डाग काढण्याने झाली, ही गोष्ट मला फार आवडते. त्या कलाभवनाचा वारसा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशाखेकडे आहे.

मी स्वतः रंगाईच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली. काम छटा जुळवण्याचं. गिऱ्हाईक चिंधी आणून द्यायचं, आम्ही तशी छटा बसवून द्यायची. कारखान्यामागे नाला होता. आज आत कोणता लॉट चाललाय हे विचारायला आत जावं लागत नसे, नाल्याकडे पाहिलं की कळायचं. सोमवारी मरून, मंगळवारी मोरपिशी. आम्ही यावर विनोद करायचो, आणि जे लोक नाल्याच्या खालच्या अंगाला राहत त्यांना हा विनोद वाटत नसे, हेही आम्हाला माहीत होतं.

रंग नाल्यात जातोच कसा, हे नव्या पिढीला सांगायला हवं. सुती कापडासाठी जे रिॲक्टिव्ह रंग वापरतात, ते धाग्याशी रासायनिक गाठ मारतात, म्हणून ते पक्के. पण टाकीत घातलेल्या रंगाचा प्रत्येक रेणू धाग्याशी गाठ मारत नाही. काही रेणू आधी पाण्याशीच भिडतात, आणि एकदा पाण्याशी भिडलेला रेणू धाग्याच्या उपयोगाचा राहत नाही. रंग आणि पद्धत यांनुसार दहा टक्क्यांपासून तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत रंग असा वाया जातो आणि धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. किलोभर सुती कापड रंगवून धुवायला १०० लिटरच्या आसपास पाणी लागतं. शिवाय रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी मीठ घालतात, गडद छटेला लिटरमागे ६०–८० ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात ते साधारण ३५ ग्रॅम असतं. म्हणजे गडद रंगाची टाकी समुद्राहून खारट. हे मीठ लक्षात ठेवा, पुढे ते आपल्याला नडणार आहे.

आणि डोळा हे यंत्र विलक्षण तीक्ष्ण आहे. काही रंग लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅमहून कमी असले तरी दिसतात. त्यामुळे आरडाओरडा होतो तो रंगाचा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईत तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री फिरताना दिसली, त्यांचे फोटो जगभर गेले. तीच कुत्री रंगहीन, पण तितक्याच घाण पाण्यात भिजली असती, तर तळोज्याचं नाव कुणी ऐकलंही नसतं.

आमच्या नाल्याचंही असंच झालं. लोकांच्या तक्रारी वाढल्या, मग कारखान्याने सांडपाण्यात हायपोक्लोराइट घालायला सुरुवात केली. आपण घरी पांढरे कपडे ब्लीच करतो तेच ते. पंधरा दिवसांत नाल्याचं पाणी पाण्यासारखं दिसू लागलं. साहेब खूश, तपासणीला येणारे खूश. मग एके दिवशी खालच्या वस्तीतली एक बाई फाटकाशी आली. तिच्या हातात कोल्डड्रिंकची बाटली होती, बाटलीत स्वच्छ पाणी. तिने मला विचारलं, "बेन, हवे पाणी चोख्खुं छे ने? भेंसने पिवडावुं?" म्हशीला पाजू का?

मी बाटली आत नेली, सीओडी लावला. सीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. आकडा जवळजवळ रंगीत पाण्याइतकाच होता. दोन तासांनी बाहेर येऊन मी तिला "ना पिवडावशो" असं सांगितलं. ती म्हणाली, आधी रंग दिसायचा तेव्हा म्हशी स्वतःच तोंड लावायला बिचकायच्या, आणि आम्हीही तिकडे जनावरं सोडत नव्हतो. आता कसं ओळखायचं? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. रंग हा निदान इशारा तरी होता. आम्ही फक्त इशारा पुसला होता.

आता रंग जातो म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. ॲझो रंगात तो मधला नायट्रोजनचा पूल तुटला की रंग गेला. डोळ्याच्या दृष्टीने काम झालं. पण पुलाच्या दोन्ही बाजूंची वलयं अजून पाण्यातच आहेत. पूल ऑक्सिजनविना, म्हणजे कुजण्याच्या वाटेने तुटला, तर त्यातून ॲरोमॅटिक अमाइन निघतात, आणि त्यांतली काही फार वाईट. रंगधंद्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने १८९५ मध्येच नोंदवलं होतं. अशी अमाइन देणाऱ्या ॲझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये आणि भारताने १९९७ मध्ये बंदी घातली, आणि त्या बंदीने आमच्या प्रयोगशाळेतले कित्येक जुने डबे एका रात्रीत निकामी झाले. बाकी रंग कायदेशीर आहेत. पण त्यांचे तुकडे प्यायला योग्य आहेत असं कुणीही म्हटलेलं नाही.

इतर उपायांची गत थोडक्यात सांगते. तुरटी, चुना किंवा फेरस सल्फेट घालून रंग खाली बसवला, तर गाळाचे ढीग होतात आणि ते कुठे तरी पुरावे लागतात. कोळशावर शोषून घेतला, तर तो कोळसाच विषारी कचरा. आरओ लावला, तर एका बाजूने स्वच्छ पाणी आणि दुसऱ्या बाजूने दाट काढा. म्हणजे आपलं खरकटं शेजारच्या दारात. सूक्ष्मजीवांच्या टाकीतून रंग बऱ्यापैकी तसाच बाहेर येतो, कारण बिचाऱ्या जिवाणूंनी असला रेणू कधी पाहिलेलाच नाही. रेणू जागच्या जागी मोडून त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकायचं असेल, तर त्याहून जबर काहीतरी हवं.

ते जबर काहीतरी म्हणजे हायड्रॉक्सिल रॅडिकल. पाण्याच्या रेणूतून एक हायड्रोजन काढून घेतला की जे उरतं ते. याला एका इलेक्ट्रॉनची इतकी भूक असते की समोर येईल त्याच्यावर तुटून पडतं. ओझोनपेक्षा आणि क्लोरीनपेक्षाही आक्रमक. जगतं मात्र सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजण्याइतकं, म्हणून ते बाटलीत भरून विकता येत नाही. जिथे वापरायचं तिथेच, त्याच क्षणी तयार करावं लागतं. प्रकाश आणि अल्ट्रासाऊंड, दोन्ही वाटांनी हेच रॅडिकल बनवायचं असतं.

प्रकाशाची वाट अशी. टायटॅनियम डायऑक्साइड तुम्ही रोज पाहता, भिंतीच्या पांढऱ्या रंगात तेच असतं. (याचं एक खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. कोकणात सुटीत जाता तेव्हा पायाखाली येत असेल.) या पांढऱ्या पुडीवर अतिनील प्रकाश पडला की आतला एखादा इलेक्ट्रॉन उडी मारून वरच्या पातळीत जातो आणि खाली त्याची रिकामी जागा उरते. ही रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतं. वर गेलेला इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळतो आणि तोही कामाला लागतो. पुडी स्वतः संपत नाही, म्हणून ती उत्प्रेरक. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड आणि प्रकाश वापरून पाण्याचे हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे करून दाखवले आणि या शाखेने जोर धरला. भिंतीच्या रंगात हीच पुडी असूनही भिंत स्वतःला खात नाही, कारण रंगवाले तिच्या कणांवर सिलिका-ॲल्युमिनाचं पांघरूण घालतात. स्वस्त रंगाच्या भिंतीवर हात फिरवला की पांढरी भुकटी लागते ना, त्यात या उद्योगाचाही हात असतो.

अडचणी दोन. पहिली, उडी मारलेला इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा काहीही न करता परत आपल्या जागेवर येऊन बसतो. दुसरी, टायटॅनियम डायऑक्साइडला लागतो अतिनील प्रकाश, ३८८ नॅनोमीटरच्या आतला, आणि सूर्यप्रकाशात तो असतो जेमतेम चार-पाच टक्के. बाकीचं ऊन फुकट. म्हणून दृश्य प्रकाशात चालणारे उत्प्रेरक शोधायची धडपड गेली काही दशकं चालू आहे. बिस्मथचे क्षार, किंवा कार्बन आणि नायट्रोजनचं पिवळसर कार्बन नायट्राइड, जे २००९ पासून गाजतंय आणि युरिया भट्टीत तापवूनही बनतं. शेतावरचा तोच युरिया.

आणि एक अडचण अशी की ती हसू आणते. रंगीत पाणी प्रकाश अडवतं. जिथे उत्प्रेरकाची सर्वांत जास्त गरज, त्या गडद काळ्या पाण्यात प्रकाश बोटभरही आत जात नाही.

इथे आवाज उपयोगी पडतो. आवाजाला पाणी काळं की पांढरं याचं काही नाही. चहाचं आधण उकळायच्या थोडं आधी सूं सूं गातं, ते कधी कान देऊन ऐका. तळाशी वाफेचे बुडबुडे बनतात, वर थंड पाण्यात जातात आणि फटाफट मिटतात, तो त्यांचा आवाज. अल्ट्रासाऊंड हेच काम न तापवता करतो. सेकंदाला वीस हजारांहून जास्त कंपनं पाण्यात सोडली की पाणी क्षणात ताणलं जातं, क्षणात दाबलं जातं. ताणलं की बारीक पोकळी उघडते, दाबलं की ती कोसळते. याला कॅव्हिटेशन म्हणतात. जहाजाच्या पंख्याच्या पात्यांना खड्डे पाडणारे बुडबुडे हेच, आणि लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये त्यांच्या कोसळण्याचं गणित मांडलं. कोसळणाऱ्या बुडबुड्याच्या पोटात तापमान सुमारे ५,००० अंशांपर्यंत आणि दाब वातावरणाच्या शेकडो पट जातो, तोही सेकंदाच्या दशलक्षांश भागाहून कमी वेळ. हाताला पाणी कोमटच लागतं. पण त्या टिंबाएवढ्या भट्टीत पाण्याचा रेणू फाटतो आणि आपलं तेच रॅडिकल बाहेर पडतं. सोनाराकडे किंवा चष्म्याच्या दुकानात गुंजन करणारी छोटी पेटी असते, तिच्यात हेच बुडबुडे चष्म्याच्या फटीतला मळ काढतात.

प्रकाश आणि आवाज एकत्र वापरले की दोघांची बेरीज नुसत्या बेरजेहून जास्त होते, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे आणि त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. उत्प्रेरकाची पुडी पाण्यात गुठळ्या करून बसते, आवाज त्या फोडतो. पुडीच्या पृष्ठभागावर अर्धवट मोडलेले तुकडे चिकटतात, आवाज ते झाडून काढतो. पुडीच्या कणांभोवती बुडबुडे अधिक सहज तयार होतात. शिवाय बेरियम टायटॅनेटसारखे काही स्फटिक दाबले की विद्युत्भार देतात, आपल्या गॅस लायटरमधल्या ठिणगीसारखं. त्यांना अंधारात नुसता आवाज ऐकवला तरी ते रंग मोडतात.

आता माझी भाची. ती इथे एम.एस्सी. करते, तिचा प्रकल्प याच विषयावर. दिवाळीत घरी आली ती फोनवर फोटो दाखवतच. काचेचं चंचुपात्र, त्यात गडद निळं पाणी, मग फिकं, मग निवळशंख. "मावशी, ९८ टक्के! साठ मिनिटांत!" निळं पाणी म्हणजे मिथिलीन ब्लू. मी विचारलं, "९८ टक्के काय गेलं?" ती म्हणाली, "रंग." मी म्हटलं, "आणि बाकीचं?"

ती चिडली. चिडणं साहजिक होतं, कारण जगभर असंच मोजतात. पण मिथिलीन ब्लू हा या कामासाठी फसवा सोबती आहे. शाळेत निळ्या बाटलीचा प्रयोग केला असेल तर आठवा. ग्लुकोज, कॉस्टिक सोडा आणि चिमूटभर मिथिलीन ब्लू. बाटली ठेवून दिली की निळा रंग जातो, हलवली की हवेतला ऑक्सिजन मिळून निळा परत येतो. रंग गेला होता, रेणू कुठेच गेला नव्हता, त्याने फक्त रूप बदललं होतं. शिवाय तो पुडीवर चिकटूनही बसतो. पुडी गाळली की पाणी स्वच्छ, आणि निळाई गाळणकागदावर.

मग मी तिला विजेचा हिशेब करायला लावला. तिचा अल्ट्रासाऊंडचा दांडा १०० वॉटचा, पात्रात पाणी १०० मिलिलिटर, वेळ एक तास. म्हणजे ०.१ युनिट. ठीक. पण एका लिटरला एक युनिट, आणि १०,००० लिटरच्या टँकरला १०,००० युनिट. आमच्या घराला महिन्याला साधारण २०० युनिट लागतात. एका टँकरच्या विजेत आमचं घर चार वर्षं चाललं असतं, आणि मध्यम आकाराचा रंगाई कारखाना असे कित्येक टँकर दिवसाला सोडतो. (मोठ्या टाकीत हिशेब इतका सरळ वाढत नाही, थोडा सुधारतो. पण थोडाच.)

तिला वाटलं मी हे सगळं निकालात काढतेय. तसं नाही. मला या शास्त्राबद्दल आशा आहे, फक्त ती चंचुपात्रात नाही. बुडबुडे करायला महागडा अल्ट्रासाऊंडच लागतो असं नाही. पाणी पंपाने जोरात बारीक छिद्रांच्या चकतीतून किंवा मध्ये अरुंद केलेल्या नळीतून सोडलं, तरी दाब उतरून तसेच बुडबुडे होतात, आणि पंप तर प्रत्येक कारखान्यात असतोच. मुंबईच्या आयसीटीमध्ये, म्हणजे आमच्या पिढीच्या यूडीसीटीमध्ये, प्रा. अनिरुद्ध पंडित आणि प्रा. पराग गोगटे यांनी या वाटेवर अनेक वर्षं काम केलं आहे. १९३३ मध्ये ती संस्था सुरू झाली तेव्हा पहिल्या विषयांत कापडाचं रसायनशास्त्र होतं, म्हणजे पुन्हा रंगाईच. प्रकाशाच्या बाजूने स्पेनमधल्या अल्मेरियात वक्र आरशांखाली काचेच्या नळ्यांतून सांडपाणी फिरवून थेट उन्हाने ते स्वच्छ करण्याचे मोठे प्रयोग झाले आहेत. ऊन तर आपल्याकडे कमी नाही, एप्रिलमधला वडोदरा आठवा.

आणि हे तंत्र एकट्याने सगळं करेल ही अपेक्षाही सोडायला हवी. पूर्ण राख करण्यापेक्षा, अवघड रेणू फक्त इतका मोडायचा की पुढच्या टाकीतले जिवाणू तो खाऊ शकतील. किंवा जिवाणूंनी पोटभर खाल्ल्यावर जे थोडं उरतं, तेवढ्यासाठीच हे वापरायचं. दोन्हीकडे वीज कमी लागते.

मिठाचं मात्र काय करायचं? कॅटॅलिस्ट मीठ काढत नाही. उलट मिठातला क्लोराइड आणि रंगाईच्या सोड्यातला कार्बोनेट हे दोघे आपले मोलाचे रॅडिकल मध्येच गिळतात. शुद्ध पाण्यात तासात होणारं काम खऱ्या सांडपाण्यात म्हणूनच रेंगाळतं. मीठ किती गंभीर आहे ते तिरुपूरला विचारा. तिथल्या रंगाईने नोय्यल नदी आणि तिच्यावरचं ओरतुपालयम धरण इतकं बिघडलं की शेतकरी न्यायालयात गेले, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाई कारखाने बंद करायला सांगितले. पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था करा, मगच उघडा. त्यांनी आरओ आणि पाणी आटवणारी यंत्रं बसवली, महाग पडली, पण पाणी परत वापरायला लागले. आपल्या इथे वडोदऱ्याजवळच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्याने जंबुसर तालुक्यातल्या सारोदजवळ महीच्या मुखाशी, खंभातच्या आखाताकडे जातं. कालव्याने पाणी शहरापासून दूर जातं, त्यातला मोडायचा राहिलेला रेणू मात्र कालव्याला पाहून मोडत नाही.

भाचीने आता तिच्या मार्गदर्शकांकडून एक सत्र वाढवून घेतलं आहे. प्लेसमेंटच्या काळात हे सोपं नव्हतं, आणि घरी तिच्या आईने मलाच दोन शब्द सुनावले. एका रंगाईवाल्याकडून ती खरं सांडपाणी आणते, मीठ, सोडा, स्टार्च सगळं असलेलं. रंगाबरोबर सीओडी आणि एकूण सेंद्रिय कार्बनही मोजते. पहिल्या खेपेला तीन तासांत रंग जेमतेम निम्मा उतरला आणि सीओडी जवळजवळ हललाच नाही. त्या संध्याकाळी तिने फोटो पाठवला नाही, नुसता आकडा पाठवला. मला तो ९८ पेक्षा जास्त आवडला. तिला अर्थातच नाही.

घरी करून पाहायचं असेल, तर शाळा-कॉलेजातल्या मंडळींसाठी एक प्रयोग देते. काचेच्या तीन सारख्या स्वच्छ बाटल्या घ्या. जिलबीत घालायचा खायचा पिवळा रंग पाण्यात अगदी फिका विरघळवा आणि तिन्हींत सारखा ओता. केमिस्टकडे झिंक ऑक्साइडची पावडर मिळते, हाही टायटॅनियम डायऑक्साइडसारखाच उत्प्रेरक. पहिल्या बाटलीत काही घालू नका आणि ती उन्हात ठेवा. दुसरीत पाव चमचा पावडर घालून बाटली काळ्या कागदात गुंडाळून ठेवा. तिसरीत तेवढीच पावडर आणि ती उन्हात. दर अर्ध्या तासाने तिन्ही हलवा. दुपारभराने पावडर खाली बसू द्या आणि तिन्हींच्या मागे पांढरा कागद धरून बघा. पहिली सांगेल नुसत्या उन्हाने किती रंग गेला, दुसरी सांगेल पावडरीला किती चिकटला. तिसरीतून हे दोन्ही वजा करा. उरलं ते उत्प्रेरकाचं काम.

झालं की बाटल्या बेसिनमध्ये रिकाम्या करू नका. झिंक ऑक्साइड पाण्यातल्या जिवांना घातक असतं. पाणी जुन्या सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा, पावडर कापडासकट वाळवा आणि सुक्या कचऱ्यात टाका. वरचं पाणी निवळशंख दिसलं तरी कुंडीतल्या तुळशीला घालू नका.